सातही वार सारखेच

१४ जुलै २०२३. शुक्रवार होता. सकाळी साडेनऊला मी मानखुर्दहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभी होते आणि कानात जंगकूकचं 'सेव्हन' नुकतंच सुरू झालं होतं. बीटीएसमधल्या सगळ्यात धाकट्याचं पहिलं अधिकृत सोलो सिंगल. ट्रॉम्बेहून बसने स्टेशनला येईपर्यंत मी दहा वेळा घड्याळ पाहिलं होतं. गाडी खाडीपूल ओलांडून वाशीला पोचली, गाणं संपलं, आणि मनात एकच शब्द आला : एवढंच?

जगाने माझं ऐकलं नाही. गाणं थेट बिलबोर्ड हॉट १०० च्या पहिल्या नंबरवर उतरलं. चार महिन्यांच्या आत स्पॉटिफायवर ते शंभर कोटी वेळा वाजलं, तोवर इतक्या वेगाने कुठलंच गाणं तिथे पोचलं नव्हतं. माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, तू उगाच डोकं लावतेस. नाचायचं गाणं आहे, नाच की." तिचं म्हणणं मी प्रामाणिकपणे करून पाहिलं. तरीही हे गाणं मला आवडत नाही. आवडत नाही म्हणणंसुद्धा सौम्य झालं. मला त्याची चीड येते, आणि ती का येते ते एकदा नीट मांडायचंय.

आधी त्याचं जे आहे ते त्याला देऊन टाकते. ठेका झकास आहे. यूके गराज म्हणतात तो प्रकार, लंडनच्या क्लबांमध्ये नव्वदच्या दशकात वाढलेला, ज्यात ढोल अपेक्षित जागी पडत नाही आणि त्यामुळे पाय आपोआप हलतो. वर हलकी गिटार. जंगकूकचा आवाज नेहमीसारखा स्वच्छ. कुठेही दम लागत नाही, सूर ढळत नाही. अँड्रू वॉट आणि सर्कट या निर्मात्यांचं काम चोख आहे. कोड असता तर मी रिव्ह्यूमध्ये एकही कमेंट न टाकता पास केला असता.

खटकतं ते नावापासून. बीटीएसच्या चाहत्यांना सात हा आकडा म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. सात जणं. २०२० च्या 'मॅप ऑफ द सोल : ७' या अल्बमचं नावच त्यावर होतं, सात जणं आणि एकत्र काढलेली सात वर्षं. जून २०२२ मध्ये त्यांनी काही काळ आपापलं काम करायचं ठरवलं. 'सेव्हन' आलं तेव्हा जिन आणि जे-होप सैन्यात गेलेले होते. अशा वेळी सगळ्यात धाकटा, जो पंधराव्या वर्षी या मोठ्या भावांच्या हाताखाली वाढला, तो 'सात' नावाचं गाणं घेऊन येतो म्हटल्यावर आपण काय समजणार? गाण्यात सात म्हणजे आठवड्याचे वार. सोमवार ते रविवार, रोज मी तुझ्यावर प्रेम करीन. झालं.

बरं, वार तर वार. पण वारांना चेहरा असतो. आमच्या कोळीवाड्याच्या बाजूला कुणालाही विचारा. सोमवारी मासळी घ्यायला चिटपाखरू नसतं, गुरुवारी अर्धं घर उपासाचं, शुक्रवारी आणि रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. माणसाचा सोमवार आणि रविवार एकसारखा जात नाही, प्रेमात पडलेल्या माणसाचा तर नाहीच. 'सेव्हन'मध्ये मंगळवारी असं काही होत नाही जे शनिवारी झालं नसतं. वारांची नावं उलटसुलट करा, गाणं तेच राहील. याला आमच्या धंद्यात लूप म्हणतात : एकच ओळ सात वेळा चालवा आणि थांबा.

शब्दांचं तेच. हे गाणं एकाच दिवशी दोन रूपांत आलं, एक सोज्वळ, एक उघड शिवराळ. मुखड्यातलं मुख्य क्रियापद बदललं की सोज्वळाचं शिवराळ होतं. शृंगाराला माझी हरकत नाही. राम जोशींच्या आणि सुलोचना चव्हाणांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला इंग्रजी शिवी ऐकून काय धक्का बसणार? पण लावणीतला एक शब्द हलवा, सगळा डोलारा कोसळतो. इथे क्रियापदच बदललं तरी गाण्याला ओरखडा उठत नाही. म्हणजे तो शब्द मुळात काही पेलतच नव्हता.

व्हिडिओ तर विचारूच नका. अभिनेत्री हान सो-ही त्याच्याशी भांडते, निघून जाते, आणि हा छत कोसळलं तरी मागे, लाँड्रीत पाणी भरलं तरी मागे, शेवटी स्वतःच्या शवपेटीतून उठूनही मागे. विनोदी आहे, मान्य. पण ती का चिडलीय हे कुणी तिला विचारत नाही. असा हिरो आपण आपल्या सिनेमांत पुरेसा पाहिलाय.

आता खरं दुखणं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रश्नाचं उत्तर येत असूनही हात वर केला नाही, कारण वाक्य आधी इंग्रजीत जुळवावं लागायचं, तोवर दुसरा कुणी बोललेला असायचा. त्या दिवसांत बीटीएस कानात आलं. सात पोरं आपल्या भाषेत गात होती आणि जग त्यांच्यासाठी कोरियन शिकत होतं. मीसुद्धा बसमध्ये बसून त्यांची अक्षरं गिरवली. २०२० च्या शेवटी 'लाइफ गोज ऑन' हे बहुतांश कोरियन गाणं पदार्पणातच हॉट १०० वर पहिलं आलं, तेव्हा आपल्याच गल्लीतलं कुणीतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं.

'सेव्हन'मध्ये कोरियनचा एक शब्द नाही. नोव्हेंबरात आलेल्या 'गोल्डन' या अल्बमची अकराही गाणी इंग्रजीत आहेत आणि गीतकारांच्या यादीत जंगकूकचं नाव नाही. इंग्रजीत गाणं हा गुन्हा नाही. 'डायनामाइट' इंग्रजीच होतं आणि लॉकडाउनमध्ये त्यानेच मला तारलं. पण हाच मुलगा २०१६ च्या 'बिगिन'मध्ये आपल्या मोठ्या भावांच्या डोळ्यांतलं पाणी बघून कोलमडतो. 'माय टाइम'मध्ये, ज्याच्या लेखनात त्याचा हात आहे, वयाच्या आधी मोठं व्हावं लागल्याचं सांगतो. ती गाणी दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. 'सेव्हन' उद्या कुठल्याही चांगल्या आवाजाच्या गायकाला द्या, त्याला ते बरोब्बर बसेल.

शुगाचं 'देचविता' आठवा. जुन्या राजदरबारी लष्करी वाद्यांवर रॅप, शब्द बहुतांश कोरियन. हॉट १०० मध्ये तेही शिरलं, पण खालच्या नंबरांत. पहिला नंबर कशाला मिळतो, हे मला कळतं. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मीही माझं वाक्य असंच घासूनपुसून, गावाचा वास काढून टाकून, पुढे करते. काम होतं. पण त्याला मी माझं बोलणं म्हणत नाही. म्हणूनच असेल, हे गाणं इतकं जिव्हारी लागलं.

गेल्या वर्षी कोळीवाड्यात एका हळदीला बहिणीने डीजेला सांगून 'सेव्हन' लावलंच. मी नाचले, मजा आली. त्याआधी कोळीगीत वाजत होतं तेव्हा काकू, माम्या, शेजारणी होड्यांची आणि माशांची नावं घशाच्या शिरा ताणून म्हणत होत्या. 'सेव्हन'ला सगळे फक्त वारांची नावं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, आणि तीसुद्धा शुक्रवारच्या पुढे कुणाला जमत नव्हती.

घरी येताना मी बहिणीला 'बिगिन' लावून दिलं. ती पूर्ण ऐकून गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताई, यातलं काय म्हणतोय ते सांग ना."