‘यमुनाकाठ’ न लिहिलेल्या माणसाची पत्रे

यशवंतराव चव्हाण यांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजिले होते : ‘कृष्णाकाठ’, ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’. त्यांपैकी पहिला तेवढा १९८४ साली आला. तो १९४६ पाशी, मुंबईच्या विधिमंडळाच्या उंबरठ्यावर, थांबतो. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला लेखकाचे निधन झाले. मुख्यमंत्रिपद, संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती असा सारा मोठा काळ न लिहिलेल्या दोन खंडांत राहून गेला. म्हणूनच राम प्रधान यांनी संपादित केलेल्या ‘विदेश दर्शन’ या पत्रसंग्रहाकडे वाचक जरा अधाशीपणाने वळतो. परदेश दौऱ्यांवरून पत्नी सौ. वेणूताईंना लिहिलेली ही पत्रे यशवंतरावांच्या पश्चात प्रसिद्ध झाली.

संग्रहाचे नाव आम्हांस तितकेसे पटलेले नाही. त्यावरून प्रवासवर्णनाची अपेक्षा उत्पन्न होते. शहरे, बैठका, भेटीगाठी यांचे वर्णन पत्रांत आहे, आणि जिज्ञासू, बहुश्रुत माणसाने केलेले वर्णन म्हणून ते वाचनीयही आहे. परंतु या लेखनाचे मर्म दर्शनात नाही, ते कोणाला दाखवायचे यात आहे. दिवसभर सरकारच्या वतीने बोललेला मनुष्य रात्री आपल्या भाषेत, आपल्या माणसाशी बोलू लागतो. आपल्याकडे ज्या घरांतील कर्ता पुरुष बोटीवर वा आखातात होता, त्या घरांना हे वेगळे सांगावयास नको. निळ्या कागदावरची ती दाट अक्षरे अजून कित्येकांच्या पत्र्याच्या पेटीत असतील.

या पत्रांना एक पूर्वपीठिका आहे. विवाह २ जून १९४२ चा. दोनच महिन्यांत ‘चले जाव’ची चळवळ सुरू झाली आणि नवरा भूमिगत झाला. लग्नानंतरची पहिली संक्रांत वेणूताईंच्या वाट्यास आली ती अटकेची. पुढे त्या फलटणला माहेरी आजारी पडल्या. त्यांना पाहावयास गेले असता यशवंतराव पकडले गेले. भेटीची किंमत तुरुंगवासाने मोजलेल्या दांपत्याचा हा पत्रव्यवहार आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे वरवर साध्या दिसणाऱ्या मजकुराचे वजन कळू लागते. यशवंतरावांची आई विठाई निरक्षर होती. देवराष्ट्रे हे त्यांचे आजोळ व जन्मगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा झाला, तोच १९६० पासून सांगली. अशा घरातून आलेल्या या गृहस्थाच्या मराठीत सरकारी फायलींची भाषा शिरली नाही, याचे आम्हांस विशेष वाटते.

तरीही ‘यमुनाकाठ’ची जागा ही पत्रे भरून काढू शकत नाहीत. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. परदेशांत सरकारची बाजू मांडणे त्या पदाबरोबर ओघानेच आले. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते, हा प्रश्न सातारा-सांगलीतील त्यांच्या चाहत्यांनाही पडतो आणि टीकाकारांनाही. पण त्याचे उत्तर घरी धाडलेल्या पत्रात शोधणे हा त्या पत्रांवर अन्याय होय. पत्नीला लिहिताना मनुष्य तिची काळजी वाढू नये एवढे पाहतो. साक्ष देत नाही. साक्ष हवी असेल तर १९६५ च्या युद्धकाळातील त्यांची दैनंदिनी आहे. तीही राम प्रधानांनीच संपादून २००७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. १ सप्टेंबरला हवाई दल युद्धात उतरविण्याची अनुमती ज्याने काही मिनिटांत दिली, तो मंत्री तेथे भेटतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही सुचवू. निर्णय घेणारा आणि पत्र लिहिणारा एकच, पण आवाज वेगळे.

संग्रहातील खरी उणीव संपादकाच्या हातची नसावी. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स आणि त्यांची पत्नी अॅबिगेल यांची परस्परांना लिहिलेली अकराशेंहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत अॅबिगेल नवऱ्याला सुनावते, शेतीचा हिशेब देते, नव्या कायद्यांत स्त्रियांचे स्मरण ठेवा म्हणून बजावते. त्या पत्रांमुळे जॉनही अधिक स्पष्ट दिसतो. येथे मात्र बोलणारे एकटे यशवंतराव. वेणूताईंनी काय विचारले असेल, कशावर रागावल्या असतील, याचा अंदाज उत्तरांवरूनच बांधावा लागतो. सार्वजनिक जीवनात त्या मागेच राहिल्या आणि पुस्तकातही, त्यांच्याच नावे आलेल्या पत्रांत, त्या ऐकणाऱ्याच राहतात.

वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या, विवाहाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. कराडला त्यांच्या नावाचे स्मारक आहे आणि यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तेथेच आहे. ज्यांना हा संग्रह वाचावयाचा आहे त्यांनी आधी ‘कृष्णाकाठ’मधील १९४२-४३ ची प्रकरणे वाचावीत, मग पत्रांकडे यावे. एका बैठकीत मात्र ती वाचू नयेत. ती एकेक करून, मध्ये दिवस जाऊ देऊन, लिहिली गेली होती.