नैवेद्याचे स्वयंपाकघर आणि छापील पाकशास्त्र

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले आणि मराठी पाकविद्येला ग्रंथरूप लाभले. पुढे कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले. नवख्या गृहिणीवर हे मोठेच उपकार होत. तथापि या ग्रंथपरंपरेतील एक उणीव आम्हांस जाणवते.

‘चवीप्रमाणे मीठ’ हे पाककृतींचे पालुपदच होय. परंतु पेडण्याच्या घरांत नैवेद्य रांधणारीने चव पाहावी कशी? देवापुढे ठेवण्याआधी चाखणे वर्ज्य. तेथे जिभेचे काम कान, नाक व बोटे करतात, आणि त्यांना वळण लावतात ते शब्द. ‘वाटप गंधासारखे हवे’ म्हटले की सहाण पाहिलेल्या मुलीला बारकाई तत्काळ उमगते. ‘बारीक वाटावे’ एवढ्याने ती उमगत नाही. ‘खतखते’ या नावातच उकळीचा नाद आहे. त्याला फोडणी नसते. ठेचलेली तेफळे शेवटी पडतात, कारण फार शिजल्यास त्यांचा वास उडतो.

कोंकणीतील ‘सोय’ मराठी पुस्तकात ‘खवलेला नारळ’ होते. अर्थ पोचतो, आदोळी मात्र मागे राहते.

माप छापून ठेवता येते. हे शब्द चुलीपाशी बसूनच कानी पडतात, आणि चुलीपाशी बसणे आता विरळ झाले आहे. म्हणून पाककृती लिहिणाऱ्यांनी मापाशेजारी घरचा शब्दही नोंदवावा, अशी आमची विनंती आहे. तो हरवला, तर न चाखता रांधण्याची विद्याही हरवेल.