दान दिलेलं घर सोर्स म्हणून कसं वाचायचं?

एखाद्या चित्रकारावर काम करायचं ठरलं की ‘त्याचं घर बघून ये’ हा सल्ला मिळतोच. पण तिथे जाऊन नेमकं काय बघायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज कोल्हापुरातल्या एका घराकडे जरा चिकित्सकपणे बघूया. हे घर म्हणजे राजारामपुरी ७व्या गल्लीतलं ‘निसर्ग’, अर्थात आजचं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय.

चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) बहुतेकांना नट म्हणून माहीत असतात. बाबूराव पेंटरांचा बोलपट ‘सावकारी पाश’ (१९३६), भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) वगैरे. पण हा माणूस आयुष्यभर चित्रंही काढत होता, विशेषतः निसर्गचित्रं. पावडर शेडिंग हे त्यांचं आवडतं माध्यम. यात ब्रशऐवजी कोरडी पूड कागदावर चोळत चोळत छटा आणतात. १९८४ मध्ये त्यांनी राहतं घर आणि चित्रं राज्य सरकारला देऊन टाकली, आणि १९८७ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं.

या दानाबद्दल कृतज्ञता हवीच. पण संशोधकाचं काम तिथे संपत नाही, तिथून सुरू होतं. तारखा परत बघा. दान दिलं तेव्हा चित्रकार सत्तरी ओलांडलेला होता, पण हयात होता. त्यानंतर तो सतरा वर्षं जगला. म्हणजे मागे काय ठेवायचं याचा पहिला निवाडा त्यानेच केलेला आहे. घराचं नावसुद्धा बघा. सिनेमाने घरोघरी पोचवलेला नायक, आणि घराचं नाव ‘निसर्ग’! आपल्याला कोण म्हणून ओळखलं जावं, हे तो दारावरच सांगतोय. त्यामुळे हे घर आत्मचरित्रासारखं वाचायला हवं. आत्मचरित्र खोटं नसतं, पण त्यात काय गाळलंय ते आपल्याला शोधावं लागतं.

आता उलट टोकाचं उदाहरण. लंडनच्या ७, रीस म्यूज या पत्त्यावरच्या छोट्याशा घरात फ्रान्सिस बेकनचा स्टुडिओ होता. बेकन १९९२ मध्ये गेला. १९९८ मध्ये तो स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला मिळाला. तिथल्या लोकांनी पुरातत्त्वाच्या उत्खननासारखी प्रत्येक वस्तूची जागा टिपली, सात हजारांहून जास्त वस्तूंची नोंद केली आणि २००१ मध्ये तो पसारा जसाच्या तसा पुन्हा मांडला. फाडलेले कॅनव्हाससुद्धा त्यात आहेत. बेकनने स्वतः देताना असा कचरा दिला असता का? तिथे आपल्याला फसलेलं काम दिसतं, तर दान दिलेल्या घरात प्रामुख्याने जमलेलं.

मांडरेंच्या बाबतीत हा फरक जास्त महत्त्वाचा आहे, कारण त्यांचं माध्यम खुणा लपवणारं आहे. तैलचित्रात ब्रशचे फटकारे दिसतात, त्यावरून हात कसा फिरला ते कळतं. चोळलेल्या पुडीत तो हातच विरघळून जातो. मग पूड कोणती, कागद कुठला, कशाने चोळली, पक्की कशी केली, हे तयार चित्र सांगत नाही. ते सांगणार कामाची जागा, अर्धवट कागद आणि शिकलेली माणसं. ‘कलासंग्रहालय’ म्हटलं की आपण भिंती बघतो. टेबल कुठे होतं, उजेड कुठल्या खिडकीतून यायचा, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते या घराच्या बाबतीत आपल्या अभ्यासाची हीच मोठी उणीव आहे. त्यात कोल्हापूरचा पाऊस, दमट हवा आणि कागदावरची पूड! म्हणजे हे प्रश्न फार काळ थांबणारे नाहीत.

घर नसलं तर काय होतं, हेही याच शहरात दिसतं. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसरात कितीतरी चित्रं काढली. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी दुःखाने आपली चित्रं तळ्यात सोडली, असं सांगतात. मागे राहिली थोडी चित्रं आणि पुष्कळशा आख्यायिका. आख्यायिकेला उलटतपासणीत टिकेल असा पुरावा लागतो, आणि तोच तळाशी गेला.

म्हणून अशा कुठल्याही घरात जाताना वहीत चार प्रश्न लिहून न्या. हा संग्रह कोणी निवडला, आणि कधी? कामाची जागा नेमकी कुठली होती, आणि घर संग्रहालय होताना तिचं काय झालं? देताना काय दिलं गेलं नाही? आणि काम करताना त्यांना बघितलेलं कोणी अजून आहे का? यातला चौथा प्रश्न आधी हाती घ्या. बाकी तिघांची उत्तरं कागदावर कधी ना कधी सापडतील, पण हे उत्तर माणसाबरोबरच जातं.