वाचलेला ‘एकच प्याला’

नाटक रंगभूमीवरच पाहावें, पुस्तक हातीं घेऊन वाचलेलें नाटक म्हणजे नुसती तालीम, असें मानणाऱ्यांपैकीं आम्हीहि होतों. परवां कांहीं स्नेही मंडळींनीं दिवाणखान्यांत बसून गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ वाचला, आणि आमचें मत डळमळलें. गडकरी वारल्यावर १९१९ सालींच रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचीं पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं. वाचनांत तीं सारीं गाळलीं. त्यामुळें बालगंधर्वांच्या गळ्यानें अजरामर झालेली सिंधू आम्हांस प्रथमच नुसती बोलतांना ऐकूं आली. तिच्या तोंडचे अलंकार, सुरांचा आडोसा गेल्यावर, कानांस टोंचूं लागले. दारिद्र्यानें गांजलेली, दुसऱ्यांचें दळण दळणारी बाई इतकें नटवून बोलेल काय? नाट्यगृहांत हा प्रश्न आम्हांस कधींच पडला नव्हता. उलट सुधाकराचीं लांबच लांब वाक्यें वाचणाऱ्याचा दम काढतात, आणि तो धापा टाकूं लागला कीं दारूनें खचलेला माणूसच समोर उभा राहतो. आर्यमदिरामंडळाचा प्रवेश मात्र गर्दीवांचून फिका पडला. तळीरामाला हंशा मिळाला तो ओळखीचा. शेवटच्या अंकांत सिंधूचीं वाक्यें वाचणारी मुलगी मध्येंच थांबली, घोटभर पाणी प्याली, आणि तोच उतारा तिनें हळू आवाजांत पुन्हां वाचला. हावभाव एकहि नव्हता, आणि तो हवा होता असें आम्हांस वाटलेंहि नाहीं.