पंच मी नको

बुद्धिबळात मी कुणाला हरवल्याचं मानपाड्यात तरी कुणाच्या ऐकिवात नाही. म्हणून मी पंच झालो. घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्टॉकफिश आणि लीला या दोन फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमांची झुंज लावली. १० डावांपैकी ९ लीला हरली. निकाल जाहीर करणार, तोच पुतण्या म्हणाला, "काका, लीलाला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्याच्याशिवाय ती नुसती रांगते." म्हणजे मी पट्टीच्या पोहणाऱ्याला घोडबंदर रोडवर पळवलं होतं!

तेव्हापासून असल्या निकालांकडे मी जरा संशयानेच पाहतो. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, हार एकही नाही. जगभर जयजयकार झाला. खेळ देखणा होता, नाही कोण म्हणतो? पण दर चालीला मोजून १ मिनिट! वेळ कुठे राखायचा नि कुठे उधळायचा, ही स्टॉकफिशला शिकवलेली विद्याच बाद. मेमरीही जेमतेम १ जीबी. त्यातून परीक्षा घेणारे अल्फाझीरोच्याच घरचे. जाणकार कुरकुरले, ते बरं झालं. २०१८ च्या अखेरीस १००० डावांचा निकाल छापून आला. या वेळी डावाला ३ तास, मेमरी ३२ जीबी. अल्फाझीरोचे विजय १५५, पराभव ६. जिंकला तोच, पण मला ते ६ पराभव फार आवडले. त्यांच्यामुळे १५५ खरे वाटतात.

आता लीलाचा फेरसामना पुतण्याच्या मशीनवर व्हायचा आहे. त्याची अट एकच: पंच मी नको.