मागची तारीख पकडणारा पेपर: सरासरी काय सिद्ध करते आणि काय नाही

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये मागच्या तारखा टाकणारी मंडळी बहुतेक कॉलेजांत सापडतात. अमेरिकेत हाच उद्योग बड्या कंपन्यांच्या प्रमुखांसाठी चालला होता, फक्त तिथे प्रश्न कोट्यवधी डॉलरचा होता. तो उघडा पडण्यात एरिक ली यांच्या शोधनिबंधाचा मोठा वाटा आहे. 'ऑन द टायमिंग ऑफ सीईओ स्टॉक ऑप्शन अवॉर्ड्स' हा पेपर २००५ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये आला. माझा विषय फायनान्स नाही, तरी रिसर्चच्या तयारीत असलेल्यांनी तो वाचावा असं मला वाटतं. का, ते सांगतो.

भानगड काय होती?

स्टॉक ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हक्क. ही किंमत बहुधा ऑप्शन दिला त्या दिवसाचा बाजारभाव असते. समजा, आज भाव ५० डॉलर आहे आणि महिन्यापूर्वी ४० होता. कागदावर महिन्यापूर्वीची तारीख टाकली की शेअरमागे १० डॉलरचा फायदा आजच पक्का. मागची तारीख टाकणं दरवेळी बेकायदा असतंच असं नाही. ते भागधारकांपासून लपवलं, हिशेबात खर्च दाखवला नाही, की कायदा आडवा येतो.

लींनी वेगळं काय केलं?

ऑप्शन दिल्यावर शेअर वर जातो, हे डेव्हिड यरमॅक यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं: चांगली बातमी येणार हे साहेबांना आधी कळतं, म्हणून ते ऑप्शन त्याआधी पदरात पाडून घेतात. स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं.

लींनी १९९२ ते २००२ मधले ५,९७७ ऑप्शन तपासले. तारखेआधी भाव पडलेला, नंतर चढलेला. पण यानं यरमॅक यांचं म्हणणं खोडलं जात नाही. खरी मेख पुढे आहे. शेअरच्या चढउतारातला काही भाग कंपनीचा स्वतःचा असतो, काही अख्ख्या बाजाराचा. लींना दिसलं की बाजारामुळे येणारा भागही तारखेआधी कमी आणि नंतर जास्त आहे. आता बोला! आपल्या कंपनीची बातमी साहेबांना माहीत असेल, पण उद्या सगळा बाजार कुठे जाणार हे कसं कळेल? म्हणून निष्कर्ष असा, की निदान काही तारखा तरी मागाहून ठरवल्या असाव्यात.

माझ्या मते पेपरचा जीव इथे आहे. लींनी आपल्या बाजूचा आणखी पुरावा गोळा करत बसण्याऐवजी, समोरच्या स्पष्टीकरणाला पचणारच नाही असं निरीक्षण शोधलं.

कच्चा दुवा

ऑप्शन दरवर्षी ठरलेल्या वेळी दिला की अधूनमधून, हे कंपन्या सरळ सांगत नव्हत्या. लींनी ते मागच्या वर्षीच्या तारखेवरून ताडलं. यात चुका होणारच. पण चूक कुठल्या दिशेला नेते ते बघा. दोन गटांची सरमिसळ झाली तर त्यांच्यातला फरक पुसट होतो, नसलेला फरक तयार होत नाही. आपल्या प्रबंधातल्या 'मर्यादा' या भागात हे एक वाक्य क्वचितच दिसतं.

पुढची कसोटी कायद्यानेच पुरवली. २९ ऑगस्ट २००२ पासून ऑप्शनची माहिती दोन कामकाजाच्या दिवसांत देणं सक्तीचं झालं. हेरॉन आणि ली यांच्या २००७ च्या पेपरनुसार, एका दिवसात कळवलेल्या ऑप्शनमध्ये हा आकृतिबंध पूर्ण नाहीसा झाला. उशिरा कळवलेल्यांत तो टिकून राहिला.

सरासरीवरून माणसाकडे जाताना

मार्च २००६ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने कंपन्यांची नावं छापली. एका कंपनीच्या प्रमुखाच्या सहाच्या सहा तारखा इतक्या सोयीच्या निघण्याची शक्यता त्यांनी सुमारे ३०० अब्जांत एक अशी काढली. आकडा जबरदस्त आहे, पण तो नेमकं काय सांगतो? तारखा यदृच्छेने पडल्या असत्या तर असं घडण्याची शक्यता. 'हा माणूस निर्दोष असण्याची शक्यता' तो सांगत नाही. शिवाय सर्वांत संशयास्पद उदाहरणं शोधून मग गणित मांडलं, तर निवडीचा परिणामही धरायला हवा. तो धरूनही योगायोग पटत नाही, हे मान्य. पण तारीख कोणी, कधी, काय माहीत असताना टाकली, हे त्या आकड्यात नाही.

कोर्टात हाच प्रश्न आला. युनायटेडहेल्थच्या विल्यम मॅग्वायर यांनी २००७ मध्ये ४६८ मिलियन डॉलरची तडजोड केली. ब्रोकेडचे ग्रेगरी रेयेस २००७ मध्ये दोषी ठरले, २००९ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला, २०१० मध्ये ते पुन्हा दोषी ठरले. ब्रॉडकॉमचा खटला तर सरकारी वकिलांच्याच वागणुकीमुळे न्यायाधीशांनी फेटाळला. आकडेवारीने चौकशीचं दार उघडलं. आत गेल्यावर कागदपत्रं, साक्षी आणि हेतू यांवरच भिस्त होती.

लींच्या पेपरात 'निदान काही' हे दोन शब्द आहेत. बातमीत आणि चर्चेत असे शब्द सर्वांत आधी गळतात. पेपर वाचताना ते अधोरेखित करा. आणि स्वतःचा निष्कर्ष लिहायला बसाल तेव्हा आधी एका कागदावर लिहून काढा: समोरच्याचं स्पष्टीकरण खरं असतं, तर माझ्या डेटात काय दिसलं नसतं?