सेबची कुऱ्हाड, नोटेलची गरिबी

डोटा टू या संगणकावरच्या खेळाचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला रंगांच्या भडिमारापलीकडे फारसं काही दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. दहा पात्रं, तीन वाटा, मधून तिरपी गेलेली नदी आणि प्रत्येक पात्राच्या हाती चारेक विद्या. नजर ठेवायची कुठे? नवख्याला हा खेळ दाखवायचा तर मी एकच प्रसंग निवडतो. 25 ऑगस्ट 2018, व्हँकुव्हरचं रॉजर्स अरीना, ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना, चौथा डाव. पाच डावांच्या लढतीत ‘पीएसजी.एलजीडी’ हा चिनी संघ 2-1 असा पुढे. आणखी एक डाव जिंकला की चषक त्यांचा. समोर युरोपातला ‘ओजी’ संघ, आणि त्यांच्या सेब या खेळाडूकडे ॲक्स हे पात्र.

ॲक्स म्हणजे लाल कातडीचा, अंगाने थोराड, डोक्याने जरा कमी असा गडी. त्याची मुख्य विद्या विलक्षण आहे. तो आरोळी ठोकतो आणि जवळपासच्या शत्रूंना हातातलं सगळं टाकून त्याच्यावरच वार करत राहावं लागतं. ते मारतात तशी त्याची कुऱ्हाड गरागरा फिरते आणि मारणाऱ्यालाच कापते. त्यातून एखाद्याचं रक्त ठरावीक रेषेखाली उतरलं, तर शेवटचा एक घाव. जादूपासून वाचवणारं कवच चढवलेल्यालाही ही आरोळी सोडत नाही. कबड्डीतला चढाईपटू समोरच्या अंगणात शिरतो तो पकडीतून निसटायला. हा शिरतो तो सगळ्यांनी आपल्याला धरावं म्हणून.

अडचण एकच. आरोळीचा घेर लहान, म्हणजे अगदी मधोमध जाऊन उभं राहावं लागतं. त्यासाठी ‘ब्लिंक डॅगर’ नावाची कट्यार असते. ती क्षणात लांबवर नेऊन ठेवते, पण अंगावर शत्रूचा वार बसला की काही सेकंद निकामी होते. म्हणून सेबला झाडीच्या कडेला, कुणाच्या नजरेत न येता, अंगाला ओरखडाही न लागू देता थांबायचं आहे. जिवाचं पाणी करणारं थांबणं आहे हे. लवकर गेला तर एकच शत्रू घेरात सापडेल, उशीर केला तर आपले लोक मेलेले असतील. तो जातो, आणि नेमक्या वेळी जातो. समालोचकाच्या गळ्यातून ‘सेऽऽऽब’ अशी लांबलचक हाक निघते, ती आज डोटाच्या लोककथांत जमा आहे. लढाई फिरली, डाव फिरला, पाचवा डावही ओजीने घेतला आणि चषक उचलला.

टाळ्या त्या उडीला मिळाल्या आणि त्या योग्यच होत्या. पण मला त्या उडीत सेबपेक्षा बाकीचे चौघे जास्त दिसतात.

कारण अशी उडी रोज रात्री हजारो ॲक्स मारतात. अनोळखी दहा जणांना एकत्र आणून जो खेळ लावला जातो, त्याला खेळणारे ‘पब’ म्हणतात. पबमधला ॲक्सही झाडीत दबा धरतो, नेमका क्षण साधतो, तिघांना घेरात घेतो आणि मरतो. मागे वळून बघावं तर चारपैकी एक जण जंगलात सोनं गोळा करतोय, एक दुकानात उभा आहे, उरलेले दोघे उलट दिशेला पळतायत. मग सुरू होतं, ‘कुठे होतास?’, ‘आधी सांगायचं ना!’ आणि पुढे न छापण्यासारखं बरंच काही. पात्र तेच, बोटांची चपळाई बऱ्याचदा तीच. मौजेखातर खेळणं आणि संघ म्हणून लढणं यांतलं अंतर त्या अर्ध्या सेकंदात मावतं: उडी पडण्याआधी बाकीचे निघालेले असतात की पडल्यावर निघतात?

हे अंतर कापलं कसं जातं, ते पाहायला ओजीइतकं चांगलं उदाहरण नाही. 2015 साली उभा राहिलेला हा संघ. चार मेजर स्पर्धा त्याच्या नावावर होत्या, पण इंटरनॅशनल कधी हाती लागली नव्हती. 2018च्या मे महिन्यात, मुख्य स्पर्धा तोंडावर आलेली असताना, फ्लाय आणि एसफोर हे दोन खांब ‘ईव्हिल जीनियसेस’ या संघाकडे गेले. फ्लाय आणि पुढे कर्णधार झालेला नोटेल यांची दोस्ती जुनी, डोटा टूच्याही आधीच्या खेळातली. उरले डेन्मार्कचा नोटेल आणि फिनलंडचा जेरॅक्स. कालपर्यंत प्रशिक्षक असलेला फ्रेंच सेब स्वतः खेळायला बसला. बाजूला झालेला ऑस्ट्रेलियाचा आना परत आला. आणि पाचवा टॉपसन, फिनलंडचाच, वीस वर्षांचा. पबच्या क्रमवारीत त्याचा दबदबा होता, पण एवढ्या मोठ्या मंचावर तो आजवर कधीच बसलेला नव्हता. संघ मोडल्यामुळे थेट निमंत्रणाचा प्रश्नच उरला नाही. खुल्या पात्रता फेरीतून यावं लागलं. ही फेरी म्हणजे असं दार, की ज्यातून हॉस्टेलमधली कुठलीही पाच पोरं आत शिरू शकतात. चार मेजर जिंकलेला संघ त्या रांगेत उभा होता.

टॉपसनकडे पाहताना मला या स्थित्यंतराचा खरा रस मिळतो. सर्वसाधारण समज असा, की मोठ्या संघात गेलं की पबच्या सवयी टाकायच्या, घोटीव खेळायचं. टॉपसनने त्या टाकल्या नाहीत. कुणी निवडणार नाही अशी पात्रं, कुणी घेणार नाही अशी शस्त्रं, नको तिथे घुसण्याची खोड, हे सगळं तो घेऊन आला. बदलला तो त्याच्याभोवतीचा संघ. तो घुसणार हे गृहीत धरून उरलेले आपापल्या जागा ठरवू लागले. पबमध्ये जो आगाऊपणा ठरला असता, त्याची इथे चाल झाली. संघभावना म्हणजे सगळ्यांना एकाच रंध्याने तासून सपाट करणं, असं मानणाऱ्या प्रशिक्षकांनी (फक्त ई-स्पोर्ट्समधल्याच नव्हे) हे जरा बघावं.

आता गरिबीबद्दल. डोटात सोनं मुख्यतः अखेरचा घाव ज्याचा त्याला मिळतं. लहान सैनिकांच्या झुंडी येत राहतात, आणि त्यांच्यावरचा शेवटचा फटका कुणी मारायचा यावर संघाची तिजोरी ठरते. सोनं सगळ्यांना पुरत नाही. म्हणून एक ते पाच अशी उतरंड असते. पहिल्या क्रमांकाचा ‘कॅरी’ सगळ्यात श्रीमंत, पाचवा ‘सपोर्ट’ सगळ्यात कंगाल. पाचव्याने टेहळणीचे वॉर्ड लावायचे, शत्रूचे उखडायचे, धुराची पुडी घेऊन चौघांना अदृश्य करून न्यायचं, आणि वेळ आली तर कॅरीच्या ऐवजी स्वतः मरायचं. नदीच्या उंचवट्यावर लावलेला एक वॉर्ड सहा मिनिटं अंधारात उजेड पाडतो. सेबला कुठे उडी मारायची ते दिसतं ते अशाच उजेडामुळे. पबमध्ये ही जागा कुणालाच नको असते. निवडीचा पडदा उघडताच ‘मिड माझा’ म्हणून मधल्या वाटेसाठी दोघे भांडतात आणि पाचवा क्रमांक हरलेल्याच्या गळ्यात पडतो.

ओजीत तो क्रमांक कर्णधाराने घेतला होता. ज्याच्या हाती संघ, त्याच्याच हाती सगळ्यात कमी सोनं. गंमत म्हणजे हाच नोटेल बक्षिसांच्या कमाईत 70 लाख डॉलरच्या वर गेला आणि ई-स्पोर्ट्सच्या जागतिक यादीत कित्येक वर्षं पहिला राहिला. (2018च्या त्या एका जेतेपदाचे ओजीला 1 कोटी 12 लाख डॉलर मिळाले, त्यामुळे हिशेब लागतो.)

2018च्या याच अंतिम सामन्यावर डोटा बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ‘ट्रू साइट’ मालिकेत माहितीपट काढला. त्याचं मोल दृश्यांपेक्षा आवाजात आहे, कारण खेळाडूंचं आपापसातलं बोलणं त्यात ऐकू येतं. कान देऊन ऐकलं की एक गोष्ट ध्यानात येते. पबमधलं बोलणं बहुतेक भूतकाळात चालतं: का गेलास, का नाही मारलंस. संघातलं बोलणं पुढच्या दहा सेकंदांचं असतं. कुणाची विद्या किती वेळात तयार, कुणाकडे मेल्यावर लगेच परतायला सोनं आहे, आता नको, आता चला. मागच्या चुकीचा हिशेब डाव संपेपर्यंत कुणी काढत नाही. त्यासाठी नंतर रिप्ले असतो. ओजीच्या बूथमध्ये याच्या जोडीला धीर देणं आहे, हसणं आहे, हरत असतानाही.

आपल्याकडची पोरं हे डोटावर नाही, बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळावर शिकतात. चौघांच्या स्क्वॉडमध्ये एक आयजीएल, म्हणजे डावातला म्होरक्या, ठरतो आणि ‘मी सांगेन तेव्हाच गाडी काढायची’ हे तिघांनी मान्य केलं, की उनाडक्या संपतात आणि संघ सुरू होतो. डोटातही भारत अगदी कोरा नाही; 2022 साली बर्मिंगहॅमला झालेल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक आणलं. पेपरात त्याला बोटभर जागा मिळाली असेल.

ओजीने 2019 साली शांघायला पुन्हा इंटरनॅशनल जिंकली आणि दोनदा जिंकणारा तो पहिला संघ ठरला. पाचही जण तेच. त्या खेपेला आनाने आयो हे पात्र कॅरी म्हणून खेळवलं. आयो म्हणजे प्रकाशाचा एक गोळा, दुसऱ्याला दोरीने बांधून बळ देणारा, जन्मजात सपोर्ट. गरिबालाच सावकार करून बसवण्याचा हा प्रकार. शिवाय प्रतिस्पर्ध्याला चिडवणारे चॅटव्हीलचे, म्हणजे खेळातच वाजवता येणारे तयार आवाज डावभर चालूच, सोसायटीच्या आवारातल्या पोरांसारखे. काहींना तो पोरकटपणा वाटला. मला नाही. कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले असताना ज्यांना मस्करी सुचते, त्यांनी स्पर्धेत उतरताना खेळ दाराबाहेर ठेवलेला नसतो. नाट्य म्हणून 2018 सरस, खेळ म्हणून 2019, असं माझं मत.

व्हँकुव्हरचा तो चौथा डाव आणि ‘ट्रू साइट’, दोन्ही यूट्यूबवर फुकट आहेत. पहिल्या खेपेला सेबलाच बघाल, त्याला इलाज नाही. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा मात्र नोटेलचं पात्र शोधा आणि पूर्ण डाव फक्त त्याच्या मागे फिरा.